कॅमेऱ्याच्या अंगात आलं तेव्हा

कोसबोडीच्या माता मायच्या चौकात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. धान कापून झालं होतं, मळणी तोंडावर आली होती. पण हातची कामं टाकून अख्खं गाव उन्हात मान वर करून उभं होतं. देवळाकडे सगळ्यांची पाठ होती. त्यात गैर काही नव्हतं, कारण हल्ली माता माय देवळात राहतच नव्हती. ती समोरच्या लोखंडी खांबावर, ग्रामपंचायतीच्या कॅमेऱ्यात मुक्कामाला गेली होती.

कॅमेरा मुळात पांढरा आणि वाटोळ्या डोक्याचा होता. आता तो हळदीने पिवळा झाला होता. काचेच्या थोडं वर कुंकवाचा टिळा होता. लावणाऱ्याचा नेम दोन बोटं खाली गेला असता तर देवी कायमची आंधळी झाली असती. गळ्यात कापसाच्या वस्त्रमाळांचा एवढा गुंता झाला होता की मूळ वस्तू कुठल्या कंपनीची, हे आता खुद्द कंपनीलाही ओळखता आलं नसतं.

खांबाखाली गादीवर त्रिनेत्र महाराज बसले होते. अंगात भगवं, डोळ्यांत काजळ, आणि भर उन्हात मांडीवर जाड लोकरी शाल. बाजूला त्यांचा चेला बिरजू मोरपिसांचा झाडू घेऊन उभा होता.

"ये मशीन नाई, भाऊ!" महाराज गरजले. "माय की आँख है! मानसाले डोळे दोन, महादेवाले तीन, अन् माह्या मायले पाच मेगापिक्सल! जिथी सायन्स थकते, तिथी माय सुरू होते. बोला, माता मायकी..."

"जय!" गाव ओरडलं.

"माय, तू जागी आहेस का?"

महाराजांनी मान खाली घालून ध्यान लावलं. मग खांबावर बारीक घुर्रर्र झालं आणि कॅमेऱ्याने मान खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. बायकांनी पदर पसरले. सरपंच धनराजभाऊंनी तर थेट मातीतच लोटांगण घातलं. त्यांचं दुःखही तसंच होतं. कापलेल्या धानाचं त्यांचं भलं मोठं पुंजणं चौकामागच्या खळ्यात जळून राख झालं होतं.

"सांग माय, धनराजभाऊचं पुंजणं कोनं जाळलं?"

कॅमेरा हळूहळू वळू लागला. ज्याच्या अंगावरून त्याची नजर जाई, तो हात जोडून अंग आक्रसून घेई. कॅमेरा पुढे सरकला की तोच माणूस सुटकेचा श्वास सोडून शेजाऱ्याकडे संशयाने बघे. नजर फिरत फिरत गर्दीच्या टोकाला गेली आणि थांबली.

तिथे भागीरथाबाई उभी होती. शाळेत पोरांची खिचडी रांधणारी विधवा बाई. जेवणाची वेळ झाली म्हणून चौकात रमलेल्या पोरांना हाका मारायला आली होती. हातात अजून भाताचा मोठा झारा होता.

"मी?" ती म्हणाली. "मी काय केलं बाप्पा?"

"डायन कधी कबूल करते का?" महाराज हळहळले. हळहळण्याचा त्यांना चांगला सराव होता. "येत्या मंगळवारी आपल्याले मंत्रानं गावाची शिव बांधाची आहे. त्याच्या आत हे बाई शिवेच्या बाहेर पाह्यजे. नाई त पुढचं पुंजणं कोनाचं जळन, ते माय सांगणार नाई, अन् मी त बिल्कूल सांगणार नाई."

भागीरथाबाईच्या दोन्ही बाजूंची माणसं हलकेच बाजूला सरली. ती एकटी उभी राहिली.

चौकापलीकडे शाळेच्या ओट्यावरून रिना मॅडम हे पाहत होत्या. रिना जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवत. माहेर नागभीडचं, वय लहान, आणि जीभ वयाला शोभणार नाही इतकी स्पष्ट. त्यांच्या डोक्यात सणक गेली. पण सणक गेली तरी त्यांची नजर शाबूत असे आणि त्या नजरेने एक गोष्ट टिपली होती. अख्खं गाव वर बघत होतं. एकटे महाराज मात्र दर चमत्काराला मांडीतल्या शालीत डोकं घालून खाली बघत होते. कॅमेरा वळताना सगळ्यांच्या माना वळत, महाराजांची तेवढी वळत नसे.

आता या देवीची कुळकथा सांगायला हवी.

शेजारच्या गावात कॅमेरे लागले, म्हणून कोसबोडीतही लागायला हवेत, असं धनराजभाऊंनी ठरवलं. कारणं मागाहून शोधली. बोडीवरचे, म्हणजे गावच्या तळ्यावरचे, मोटारपंप चोरीला जात होते आणि एकदा पहाटे वाघ चौकातून आरामात चालत गेला होता. वाघाला कॅमेऱ्याची भीती वाटेल असं कुणी म्हटलं नाही, पण ठरावात तो घातला गेला.

खरेदीच्या बैठकीला रिना मॅडमना बोलावलं होतं. शाळांत कॅमेरे बसवण्याचं परिपत्रक निघालं होतं, आणि कुठलंही परिपत्रक शाळेतल्या सर्वांत नव्या शिक्षकाच्या टेबलावर येऊन विसावतं, या न्यायाने त्या कॅमेऱ्यांतल्या जाणकार ठरल्या होत्या. त्यांनी दुकानदाराला साधेच प्रश्न विचारले. अंधारात किती लांबचं दिसतं? पावसात टिकतो का? रेकॉर्डरमध्ये किती दिवसांचं चित्रण मावतं? वीज गेली तर काय?

धनराजभाऊंनी एकच प्रश्न विचारला. "सगळ्यात जास्त हालते तो कोनता?"

दुकानदाराने मान फिरवणारा कॅमेरा काढला. तो डावीउजवीकडे वळे, वरखाली होई. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बैठक संपली.

चार कॅमेरे आले. पहिला उगवत्या सूर्याकडे तोंड करून बसवला गेला, त्यामुळे त्यात रोज सकाळी फक्त सूर्यनारायणाचं दर्शन होई. दुसऱ्यासमोर पळसाची फांदी होती. पळसाचं एक पान त्याने अतिशय चोख टिपलं. तिसऱ्याची वायर वानरांनी कुरतडली. चौथा हा चौकातला, हलणारा. बसवणाऱ्या मिस्त्रीने जाताना बजावलं होतं, "पासवर्ड बदलून घ्या जी. कंपनीचा आहे तो सगळ्याइले मालूम राह्यते."

"काऊन बदलाचा?" धनराजभाऊ म्हणाले. "सोपा आहे ना. ध्यानात राह्यते."

आणि मग पूजा झाली. कोसबोडीत नवी वस्तू आली, मग ती ट्रॅक्टर असो की मिक्सर, तिला हार घालायचा आणि तिचं रिकामं खोकं माता मायच्या पायाशी ठेवायचं, अशी रीत आहे. मिक्सरचं त्याने काही बिघडत नाही. पण कॅमेऱ्याच्या खोक्यावर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र छापलेलं असतं आणि त्याखाली कंपनीचा पासवर्ड. ते चित्र मोबाईलने टिपून तो पासवर्ड टाकला की कॅमेरा त्या मोबाईलचा ताबेदार होतो. गावाने आपल्या घराची किल्ली हळदकुंकू वाहून देवळात उघड्यावर ठेवली होती.

कॅमेऱ्याच्या गळ्यात धनराजभाऊंनी स्वतः शिडीवर चढून वस्त्रमाळ घातली. तिचं एक टोक सुटून काचेपुढे लोंबू लागलं. पुढे तिथे एका कोळ्यानेही संसार थाटला. आणि मग एका पहाटे पंचायतीचा शिपाई मुखरू टीव्हीसमोरून ओरडत सुटला, "बाई! पांढऱ्या लुगड्याची बाई! पाय नाई तिले!"

पडद्यावर खरोखरच पांढरी, उंच, धूसर बाई डोलत होती. ते चित्र दुपारपर्यंत तालुकाभर प्रत्येकाच्या मोबाईलवर गेलं, आणि लवकरच त्रिनेत्र महाराजांनी निरोप पाठवला की मायने आपल्याला स्वप्नात पत्ता दिला आहे. पत्ता त्या चित्राच्या कोपऱ्यात ग्रामपंचायतीच्या नावासकट छापलेला होता, ही गोष्ट वेगळी.

महाराज आले त्या संध्याकाळी मिरवणूक निघाली. डफडं वाजलं, फटाके फुटले, बाण उडाले. महाराजांनी देवळात पडदा लावून एकट्याने 'पेटीपूजन' केलं, म्हणजे त्या रिकाम्या खोक्याचं. दुसऱ्या सकाळपासून कॅमेरा मान डोलावू लागला. त्याच सकाळी धनराजभाऊंचं पुंजणं जळालेलं सापडलं.

महाराजांनी दोन आज्ञा केल्या. कॅमेरा कुणी पुसायचा नाही, आणि घरटी एक वस्त्रमाळ वाहायची. माळा वाढल्या तशा पडद्यावरच्या बायाही वाढल्या. एकीच्या तिघी झाल्या. माय आता बहिणींसकट आली आहे, असं ठरलं.

राहता राहिली भागीरथाबाई. महाराजांच्या भंडाऱ्यासाठी बिरजू शाळेतला तांदूळ मागायला गेला होता. तिने कोठीच्या दारात उभं राहून सांगितलं होतं, "हा पोराइचा तांदूळ आहे. भंडाऱ्याले लागन त महाराजाले म्हणा, मायलेच मागा." त्यानंतर मायची नजर फिरत फिरत बरोबर तिच्यावरच थांबावी, यात नवल ते काय!

त्या दुपारी शाळेत पंगत बसली, पण ताटं भरलीच नाहीत. घरून ताकीद मिळालेली पोरं माना खाली घालून बसली होती. धनराजभाऊंची उर्वशी सातवीत होती, वर्गात सगळ्यांत चुणचुणीत. तिने दोन्ही हातांनी ताट झाकून घेतलं.

भागीरथाबाई भरलेलं पातेलं घेऊन चुलीपाशी परत आली. रिना मॅडम मागोमाग गेल्या.

"एवढा भात कोनाले देऊ मॅडम?" भागीरथाबाई म्हणाली. "हे उर्वशी लहान होती तवा आजारपणात फक्त माह्या हातचा मऊ भात खाये. तिची माय घेऊन बसे माह्या दारात. आज तिनं ताट झाकलं."

"पोरीचा दोष नाई, बाई."

"दोष कोनाचाच नाई. माह्याच कपाळाचा आहे." तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. "देसाईगंजले बहीण आहे माही. तिकडं जातो म्हणतो. पन मॅडम, डायन म्हून निंगालेली बाई कोनत्या गावात राहू शकते? हे गोष्ट माह्याआधी तिथी पोचन. मले इथी मरू द्या पाह्यजे त, पन हे नाव घेऊन कुठी जाऊ?"

रिना मॅडमना महाराजांपेक्षा गावाचाच जास्त राग आला. या बाईने रांधलेलं खाऊन मोठी झालेली माणसं आज तिच्यापासून बाजूला सरली होती.

"तुमी कुठीच नाई जायचं," त्या म्हणाल्या. "मंगळवारपर्यंत फक्त दम धरा."

शाळा सुटल्यावर त्या पोलीस पाटील बापूजींकडे गेल्या. बापूजी खाटेवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते.

"जादूटोण्याचा कायदा आहे ना बापूजी? डायन म्हणणं, गावाबाहेर काढणं, गुन्हा आहे ना?"

"आहे ना जी," बापूजी म्हणाले. "कायदा आहे. पन गाव बी आहे. आज महाराजाले पकडलं त लोक म्हणतीन, मायच्या मानसाले पकडलं. पुरावा लागते मॅडम."

"मग चला. पुराव्याचं कपाट उघडू."

पंचायतीत मुखरूकडे किल्ली होती. कपाटात गेल्या वर्षीच्या झेंड्याखाली, फिनाइलच्या बाटलीशेजारी एक काळा डबा हिरवा दिवा लुकलुकवत बसला होता.

"मुखरूभाऊ, मायले अख्ख्या गावानं सगळं इचारलं. यातलं रेकॉर्डिंग कोनी पाह्यलं का?"

"रेकॉर्डिंग?" मुखरू चक्रावला. "ते राह्यते का?"

"मंग हा डबा कायले आहे?"

"मले वाटलं लाइटीचा आहे."

रिना मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांनी खुर्ची ओढली, माऊस हातात घेतला आणि मागच्या तारखा उघडल्या. डब्याची जागा भरत आली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर जुनं चित्रण आपोआप पुसून त्यावर नवं चढलं असतं. बापूजी मागे उभे राहून पाहत होते. काही वेळाने त्यांचं खर्रा चघळणं थांबलं.

"अरे बाप!" एवढंच ते म्हणाले. मॅडमनी हवं तेवढं चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. बापूजींनी मुखरूला कुणाला न सांगण्याची शपथ घातली आणि बाहेर जाऊन नागभीडच्या ठाण्याला फोन लावला.

मंगळवारी सकाळी पुन्हा चौक भरला. या वेळी पंचायतीचा टीव्ही बाहेर ओट्यावर मांडला होता. मॅडमनी 'सगळ्याइले दर्शन व्हावं' म्हणून सुचवलं होतं आणि धनराजभाऊंना ते फार आवडलं होतं. भागीरथाबाई एका कडेला बोचकं घेऊन बसली होती. तिच्याशेजारी बसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून बापूजी जाऊन बसले.

महाराजांनी ध्यानाला सुरुवात करायच्या आत रिना मॅडम पुढे झाल्या.

"महाराज, एक विनंती आहे."

"मॅडम, तुमचे सायन्सवाले लोक त देव मानत नाई," गर्दीतून लटारू म्हणाला. "तुमी मध्यात काऊन येता?"

"देवाचं मी काईच नाई म्हणून राह्यली, लटारूभाऊ. मी तुमच्या मायचाच मान सांगून राह्यली. तिच्यापुढं आपण चपला काढतो. मंग मोबाईल काऊन नाई काढत? मधातच कोनाचं गाणं वाजते, मायचं ध्यान भंगते. सगळ्याइचे मोबाईल या टोपलीत ठेवा. महाराजापासून सुरू करू."

बायांनी माना डोलावल्या. बोलणं सोळा आणे खरं होतं. महाराजांनी मात्र शाल घट्ट धरली.

"माह्या मोबाईलमंदी मायचा फोटो आहे."

"माय खुद खांबावर बसली आहे बाप्पा," पुढच्या रांगेतली म्हातारी सीताबाई भाबडेपणाने म्हणाली. "मंग फोटो कायले पाह्यजे?"

लोक हसले. बिरजूने महाराजांकडे पाहिलं, महाराजांनी बिरजूकडे. बापूजी उठले आणि टोपली घेऊन समोर उभे राहिले. शेवटी शालीतून मोबाईल निघाला आणि टोपलीत पडला. पाठोपाठ बिरजूचाही घेतला गेला.

"आता इचारा," मॅडम म्हणाल्या.

"माय... तू जागी आहेस का?"

कॅमेरा जागचा हलला नाही.

"माय, बोल!"

खांबावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला. कॅमेरा हलला नाही. महाराजांच्या डोळ्यांतलं काजळ, कपाळावरचा घाम आणि गंध एकमेकांत मिसळू लागलं.

"माय रुसली!" ते ओरडले. "या बाईच्या अश्रद्धेनं रुसली!"

"रुसू द्या. तिनं आधी काय पाह्यलं ते त पाहू." मॅडमनी टीव्ही लावला. "हा कॅमेरा नुसता हालत नाई. तो पाह्यते, अन् पाह्यलेलं पंचायतीच्या डब्यात जपून ठेवते. हे पाहा मागच्या बैठकीचं."

पडद्यावर वरून दिसणारा चौक आला. बरोबर खांबाखाली महाराज. समोर बसणाऱ्यांना शालीची कड आडवी येई, पण देवीच्या डोळ्याला वरून सगळी मांडी उघडी दिसत होती. शालीच्या घडीत मोबाईल उजळलेला होता. त्यावर महाराजांचा अंगठा. अंगठा खाली गेला की चित्र खाली गेलं. अंगठा वर, चित्र वर. मग महाराजांचा आवाज आला, 'कोनं जाळलं?' आणि अंगठा सावकाश उजवीकडे सरकू लागला. चित्रही सावकाश सरकत गर्दीवरून गेलं.

मॅडमनी ते पुन्हा दाखवलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा पोरं अंगठ्याबरोबर माना हलवून खिदळायला लागली.

"हे त मोबाईलनं होते!" मुखरू म्हणाला.

"मोबाईलनंच होते. तुमी खोकं देवळात ठेवलं, त्याच्यावर किल्ली छापून होती. महाराजानं पडदा लावून तिचीच पूजा केली. पासवर्ड बदला म्हून मिस्त्री सांगून गेलता, तो कोनी बदलला नाई."

"अन् ते पांढरी बाई?" लटारूने विचारलं. त्याचा आवाज आता बराच खाली आला होता. "ते त महाराज यायच्या आधीपासून आहे."

मॅडमनी शाळेचा एक कॅमेरा आणला होता. तो पंचायतीच्या आतल्या खोलीत मांडून त्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. बाहेर टीव्हीवर खोली काळी-पांढरी झाली. "अंधार पडला की कॅमेरा स्वतःचे दिवे लावते," त्या म्हणाल्या. "आपल्या डोळ्याले ते उजेड दिसत नाई, त्याले दिसते. काचेच्या अगदी जवळ काई असन, त त्याच्यावर तो उजेड भसकन पडते. सीताबाई, तुमची माळ द्या."

मुखरूने दाराच्या फटीतून आत शिरून कापसाची माळ काचेपुढे धरली. टीव्हीवर पांढऱ्या लुगड्याची बाई उभी राहिली. उंच, धूसर, बिनपायाची. मुखरूच्या हाताला कंप सुटला होता, तशी बाईही डोलत होती.

"अगा माय!" सीताबाईने तोंडावर हात ठेवला. "हे त मीच वळलेली!"

"शाळेत बी असंच झालतं," मॅडम म्हणाल्या. "रोज रात्री पांढरा साप दिसे. हेडसरांनी दोन दिवस उदबत्ती लावली. मी झाडू मारला. कोळ्याचं जाळं निंगालं, साप गेला."

धनराजभाऊ मात्र उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ते सगळं ठीक आहे. पन माह्यं पुंजणं जळलं, ते त खरं आहे ना? ते कोनं जाळलं?"

रिना मॅडमनी माऊस हातात घेतला. "दाखवू भाऊ?"

"दाखवा!"

पडद्यावर मिरवणुकीची संध्याकाळ आली. डफडं, गुलाल, महाराज पाटावर. आणि मध्यभागी बाटलीत फटाक्याचा बाण उभा करून त्याला काडी लावणारे सरपंच धनराजभाऊ. बाटली कलंडली. बाण आडवा सुटला आणि देवळाच्या मागे, खळ्याच्या दिशेने दिसेनासा झाला. पडद्यावरचे धनराजभाऊ हात उंचावून नाचत होते. बरंच चित्र पुढे पळवल्यावर, माणसं घरोघर गेल्यानंतर, देवळामागून धुराची बारीक रेघ चढली आणि मग कोपरा उजळला.

धनराजभाऊ खांबाला धरून खाली बसले. स्वतःच्या हाताने, महाराजांच्या स्वागतात, त्यांनी स्वतःचं वर्षाचं धान पेटवलं होतं. आणि त्याचा आळ त्यांच्या पोरीला मऊ भात भरवणाऱ्या बाईवर आला होता.

एवढ्यात महाराज आणि बिरजू गर्दीच्या कडेने सरकू लागले होते. चौकाच्या तोंडाशी नागभीड ठाण्याची गाडी उभी होती. बापूजींनी फार अदबीने त्यांना गाडीची वाट दाखवली. गाडीत बसताना महाराजांनी टोपलीतला मोबाईल मागितला. तो मात्र पुराव्यात जमा झाला होता.

रिना मॅडमनी माऊस भागीरथाबाईपुढे धरला. "बाई, या. पडद्यावर हे बाण दिसतात ना, हे दाबा."

भागीरथाबाईने आधी हात पदराला पुसला. मग बोट ठेवलं. वर घुर्रर्र झालं आणि देवी वळली. तिने बोट काढलं, देवी थांबली. तिने पुन्हा दाबलं. कॅमेरा एका टोकापासून सावकाश गर्दीवर फिरू लागला, अगदी त्या दिवशी फिरला होता तसाच. पडद्यावर एकेक चेहरा येत गेला. लटारू, मुखरू, धनराजभाऊ. या वेळीही सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"त्या दिवशी हे माह्यावर थांबलं," भागीरथाबाई म्हणाली, "तवा तुमच्यातला एक जण बी बोलला नाई का हे बाई आमची आहे, आमी हिले ओळखतो. यंत्राले त काई समजत नाई. तुमाले त समजत होतं ना?"

तिचा आवाज चढला नव्हता, पण तो चौकात शेवटपर्यंत ऐकू गेला.

त्यावर रिना मॅडमनी फार मोठं भाषण केलं नाही. "कॅमेरा फक्त पाह्यते," त्या म्हणाल्या. "इचार आपल्याले कराचा राह्यते. कोनी चमत्कार दाखवला त वर पाहू नका, त्याच्या हाताकडं पाहा. पांढरं काई दिसलं त आधी काच पुसून पाहा. अन् कोनी मानसाकडं बोट दाखवलं त पुरावा मागा. तो नाई भेटला त त्या मानसाच्या बाजूनं उभे राहा. एवढं केलं त गावाची शिव आपोआप बांधली जाते."

मुखरूने शिडी लावली. माळा उतरल्या, जाळं निघालं, हळद धुतली गेली. कोळ्याला त्याने अलगद देवळाच्या वळचणीला सोडलं. धनराजभाऊ कागद-पेन घेऊन नवा पासवर्ड विचारायला पुढे आले. त्यांच्या कागदाकडे पाहून मॅडमनी तो बापूजींच्या कानात सांगितला.

भागीरथाबाईने बोचकं उचललं. धनराजभाऊ तिच्यासमोर हात जोडून उभे होते. तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, कारण तिने अजून केलेलं नव्हतं.

"उर्वशीले लवकर पाठवजा," ती म्हणाली. "भात निवून राह्यला." आणि बोचकं काखेत मारून ती शाळेकडे चालू लागली.